मालक सातासमुद्रापार, कर आणि म्हातारपण कोणाच्या माथी?

परदेशी मालकाची चाकरी, पण मुक्काम आपल्याच घरी, अशा रीतीने काम करणारा एक नवा वर्ग २०२० च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात झपाट्याने वाढला आहे. पुण्याच्या बाणेर-बालेवाडीत तो आहे, ठाणे-डोंबिवलीत आहे, नाशकात आहे, आणि आईवडिलांच्या घरी परतून कराड-साताऱ्याहून काम करणाऱ्यांतही आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणे, हिशेब राखणे, आराखडे काढणे, परक्या रुग्णालयांच्या बिलांची छाननी करणे अशी त्याची नाना कामे असतात. मालक कॅलिफोर्नियात, लंडनमध्ये किंवा सिंगापुरात. भारतात त्याचे ना कार्यालय, ना नोंदणी, ना प्रतिनिधी. महिनाअखेरीस डॉलर येतात, बँक त्यांचे रुपये करते आणि व्यवहार संपतो. निदान तो संपला असे उभय पक्षांना वाटते.

या वर्गाविषयी सध्या दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत सत्ताधाऱ्यांचे आणि त्यांची तळी उचलणाऱ्या अर्थपंडितांचे. त्यांच्या दृष्टीने हा तरुण म्हणजे एकट्याचा निर्यात-उद्योग होय. २०२४-२५ या वर्षात भारताची सेवा-निर्यात ३८० अब्ज डॉलरांच्या वर गेली. अशा वेळी घरबसल्या डॉलर आणणाऱ्याला करांच्या आणि कामगार कायद्यांच्या कटकटीत गुंतवू नये, असे त्यांचे म्हणणे. दुसरे मत पुरोगामी चळवळीतल्याच अनेकांचे आहे. महिन्याला दोन लाख रुपये मिळवणाऱ्याला कामगार कसे म्हणावे? या लाडावलेल्या मंडळींचे प्रश्न त्यांनी आणि त्यांच्या चार्टर्ड अकाउंटंटांनी पाहून घ्यावेत, आपल्यापुढे ऊसतोड कामगारांचे आणि कांदा-उत्पादकांचे प्रश्न काय थोडे आहेत, असे ही मंडळी विचारतात.

पहिले मत या वर्गाकडून कर मागत नाही आणि दुसरे मत त्याला हक्क देत नाही. दोहोंचे फलित मात्र एकच निघते. या व्यवहारात ज्याने तोंडातून एक शब्दही काढलेला नाही, तो परदेशी मालक सर्व जबाबदाऱ्यांतून मोकळा होतो. त्याच्या जबाबदाऱ्यांचे ओझे अर्धे कामगाराच्या खांद्यावर आणि अर्धे भारतीय जनतेच्या तिजोरीवर येऊन पडते. हे कसे घडते ते तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण तपशील करसल्लागारांवर सोपवून केवळ तत्त्वाच्या गोष्टी बोलण्याची सवय चळवळीला महागात पडलेली आहे.

कायदा काय सांगतो

पैसा परदेशातून येतो, तेव्हा त्यावरचा करही परदेशात लागत असेल, असा समज सर्रास आढळतो. तो निराधार आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहणारी व्यक्ती आयकराच्या दृष्टीने येथील निवासी ठरते आणि निवासी व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर भारतात कर लागतो. शिवाय काम ज्या ठिकाणी बसून केले, तेथेच उत्पन्न उपजले, हे तत्त्व अमेरिकेलाही मान्य आहे. परकीय नागरिकाने अमेरिकेबाहेर बसून केलेल्या कामाचा मोबदला तेथील कायदा अमेरिकेत उगम पावलेले उत्पन्न मानत नाही. म्हणून तेथील कंपनी कामगाराकडून डब्ल्यू-८बीईएन नावाचा एक कागद भरून घेते आणि एक सेंटही न कापता सारी रक्कम पाठवून देते.

याचा अर्थ असा की, कराची संपूर्ण जबाबदारी एकट्या कामगारावर येते. पुण्यातल्या कारखान्यातील वा कचेरीतील नोकराचा कर मालक दरमहा पगारातून कापतो आणि सरकारजमा करतो. परदेशी कंपनीच्या कामगाराला मात्र आगाऊ कर स्वतःच भरावा लागतो. त्याचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना येतात, आणि चुकल्यास दरमहा एक टक्का व्याज चढते. कंपनीने त्याला नोकर न म्हणता स्वतंत्र व्यावसायिक म्हटले असेल आणि वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे गेली असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी आली. निर्यात केलेल्या सेवेवर कराचा दर शून्य असला, तरी त्यासाठी हमीपत्र द्यावे लागते, विवरणपत्रे भरावी लागतात, परकीय चलन आल्याचे बँकेचे दाखले जपून ठेवावे लागतात. कंपनीने बक्षीस म्हणून स्वतःचे चार शेअर दिले, तर ती परदेशातील मालमत्ता ठरते. ती विवरणपत्रात दाखवण्याचे राहून गेल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तलवार लटकते. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून, एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली एवढाच काय तो दिलासा.

मालकाच्या कचेरीत जे काम पगारी कारकून आणि हिशेबनीस करीत, ते आता कामगार स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने करतो. तो वेळही त्याच्यापाशी फारसा नसतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. कॅलिफोर्नियाच्या कचेरीची सकाळ तर आपल्याकडे रात्री साडेनऊ-साडेदहाला उगवते. रात्रपाळीचा भत्ता कोणी द्यायचा, हा प्रश्न विचारण्याचीही सोय नाही. कारण करारानुसार तो नोकर नाहीच; तो स्वखुशीने रात्री जागणारा स्वतंत्र व्यावसायिक आहे!

सवलत की सोडचिठ्ठीची रक्कम?

हा सगळा व्याप तरुण मुकाट्याने का सोसतात? याचे उत्तर करविषयक एका सवलतीत दडलेले आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१६ साली ४४ एडीए हे कलम घालण्यात आले. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार इत्यादी व्यावसायिकांची वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर हिशेबाच्या वह्या न ठेवता जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवावी आणि तेवढ्यावरच कर भरावा, अशी ही तरतूद. रोखीने येणारी रक्कम पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर ही मर्यादा २०२३ पासून ७५ लाख झाली. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख, त्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही सवलत कायम ठेवली आहे.

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला गाळ्याचे भाडे, उपकरणे, मदतनिसाचा पगार असा खरोखरीच मोठा खर्च असतो. त्याला हिशेबाच्या जंजाळातून सोडवणारी ही तरतूद रास्त आहे. परंतु घरच्या मेजावर एक संगणक ठेवून एकाच कंपनीचे काम ठरल्या वेळी करणाऱ्याचा खर्च जमेच्या निम्मा असतो, असे कोण म्हणेल? प्रत्यक्ष नफा निम्म्याहून अधिक असल्यास तो दाखवण्यास कायदा अडकाठी करीत नाही. पण तसे करणारा करदाता शोधूनच काढावा लागेल.

या सवलतीने काय होते, ते २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीतील दरांनी पाहावे. समजा, पुण्यात एकाच इमारतीत दोन अभियंता राहतात. पहिली पुण्यातल्याच एका कंपनीत नोकरीला असून तिचा करपात्र पगार वर्षाला २४ लाख रुपये आहे. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन २३ लाख २५ हजारांवर तिला उपकरासह २ लाख ९२ हजार ५०० रुपये आयकर पडतो, आणि तो पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो. दुसरी परदेशी कंपनीची कंत्राटी सल्लागार आहे आणि तिचीही वर्षाची जमा २४ लाखच आहे. तिचे करपात्र उत्पन्न १२ लाख धरले जाते. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट असल्याने तिचा आयकर शून्य होतो. समान काम, समान मिळकत, समान शहर. एकीचा कर जवळजवळ तीन लाख, दुसरीचा काही नाही.

यावर लगेच दुसरीकडे बोट दाखवून ‘करबुडवी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तिने कायदा मोडलेला नाही आणि या सौद्यातील खरा लाभ तिला झाला असेही नाही. पहिलीच्या भविष्यनिर्वाह निधीत मालक भर घालतो, तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आजारपणाची रजा आहे, कामावरून काढताना नोटीस द्यावी लागते. दुसरीला यांपैकी एकही गोष्ट मिळत नाही. बाळंतपणात तिचे उत्पन्न बंद, आजारपणात बंद, आणि एका सकाळी संगणकाचा परवलीचा शब्द चालेनासा झाला की कामही बंद. दाद मागायची तर करारातील कलमाप्रमाणे ती परक्या देशाच्या न्यायालयात.

करसवलतीचे खरे स्वरूप येथे उघड होते. कामगार म्हणून असलेले सर्व हक्क सोडून देण्याबद्दल मिळालेली ती सोडचिठ्ठीची रक्कम आहे. आणि ती मालकाच्या खिशातून न जाता भारताच्या तिजोरीतून जाते. कर भरतो कोण आणि कराचा भार पडतो कोणावर, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवले जाते. सवलतीलाही तोच नियम लागू पडतो. सवलत कोणाच्या नावे आहे यावरून ती कोणाच्या पदरात पडते हे ठरत नाही. कंत्राटाची रक्कम ठरवताना ‘एवढ्या पैशांत तुमच्या हाती नोकरीपेक्षा अधिक पडेल’ असा हिशेब मांडला जातो. तो हिशेब पटतो म्हणूनच कामगार निधी, रजा आणि सुरक्षितता यांवाचून काम करण्यास राजी होतो. म्हणजे सवलतीचा मोठा भाग मालकाने स्वस्त श्रमाच्या रूपाने आधीच उचललेला असतो.

मालकाची बचत येथेच थांबत नाही. अमेरिकेत कामगार नेमला असता, तर त्याच्या वेतनावर सामाजिक सुरक्षा आणि वृद्धांचे आरोग्यसाहाय्य यांपोटी मालकाला स्वतःचे म्हणून ७.६५ टक्के भरावे लागले असते. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याचा मालकाचा हिस्सा एप्रिल २०२५ पासून ठरावीक मर्यादेवरील वेतनाच्या १५ टक्के आहे. पुण्यातल्या कामगारामागे त्याला तेथेही काही भरावे लागत नाही आणि येथेही नाही. दोन देशांच्या कायद्यांमध्ये जी फट राहिली, तिच्यातून एका माणसाचे अख्खे म्हातारपण खाली पडते.

आणि जोखीम? तीही कामगाराचीच. कामाचे तास मालकाने ठरवले, रजेला त्याची परवानगी लागते, दुसऱ्याचे काम घेण्यास मनाई आहे, अशा कराराला आयकर अधिकाऱ्याने उद्या नोकरी म्हटले, तर सवलत जाऊन कर, व्याज आणि दंड भरावा लागेल तो तिला. कागदावर कोणते नाव घालायचे हे ठरवणारा मालक त्या वेळी आपल्या देशात सुखाने असेल.

विडीचे सूप आणि संगणकाचे मेज

घरात बसून काम करतो तो कामगार नव्हे, हा युक्तिवाद महाराष्ट्राला नवा नाही. सिन्नर, सोलापूर, निपाणी येथील विडी कारखानदार वर्षानुवर्षे हेच सांगत आले. बाई आपल्या घरात बसून, मांडीवर सूप घेऊन, आपल्या सवडीने विड्या वळते. आम्ही फक्त पान-तंबाखू देतो आणि तयार माल घेतो. ती आमची नोकर कशी? हा कावा ओळखून १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला आणि मालकाकडून वा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारीलाही कामगार ठरवले. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. परंतु त्याने प्रस्थापित केलेले तत्त्व पुसले गेलेले नाही. काम कोठे बसून केले यापेक्षा ते कोणासाठी, कोणाच्या हुकमाने आणि कोणाच्या नफ्यासाठी केले, यावरून कामगार ठरतो.

विडी वळणारीची मिळकत आणि संगणक-अभियंत्याची मिळकत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे कोणीही नाकारणार नाही. तिच्या हालअपेष्टांशी याच्या अडचणींची तुलना करणे हा तिचा अपमान होईल. पण दोघांना मालकापासून तोडणारी युक्ती एकच आहे. ऊसतोडीत साखर कारखाना म्हणतो की, कोयते मुकादमाचे, आमचे नव्हेत. परदेशी कंपनीनेही आता असेच मुकादम शोधले आहेत. भारतात नोंदणी केलेली एखादी मध्यस्थ संस्था कागदोपत्री मालक होते, पगारपत्रक काढते, दलाली घेते. काम, हुकूम आणि हकालपट्टी मात्र मूळ मालकाच्या हाती राहते. मुकादम इंग्रजी बोलतो म्हणून पद्धत बदलत नाही.

ज्या कॅलिफोर्नियातल्या कंपन्या येथे ‘स्वतंत्र व्यावसायिक’ या शब्दाची ढाल वापरतात, तेथील कायदा तरी काय सांगतो? त्या राज्यात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने, काही अपवाद सोडता, काम करणाराला प्रथमतः नोकरच मानले आणि तो नोकर नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला. घरच्या कामगाराला एक न्याय आणि पुण्याच्या कामगाराला दुसरा! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मंचावरून काम घेणाऱ्या कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूद केली, हे ठीकच. परंतु मंच नसलेला, कार्यालय नसलेला, थेट परदेशातून राबवून घेणारा मालक तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

अडीच हजार रुपयांचे ऋण

आता या वर्गालाही दोन शब्द स्पष्ट सांगितले पाहिजेत. महाराष्ट्रात व्यवसाय कर नावाचा एक छोटा कर आहे. नोकरदाराच्या पगारातून तो वर्षाकाठी जास्तीत जास्त २,५०० रुपये कापला जातो. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने स्वतः नोंदणी करून तो भरायचा असतो. परदेशी मालक तो कापत नाही आणि या मंडळींपैकी अनेकांना तो ठाऊकही नसतो.

या कराचा जन्म मुळीच क्षुल्लक नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आली, तेव्हा वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर उभी राहिली. मागेल त्याला काम द्यायचे, तर पैसा कोठून आणायचा? शहरात ज्याला स्थिर मिळकत आहे, त्याने खेड्यातल्या बेकाराच्या कामाच्या हक्कासाठी थोडी तोशीस सोसावी, या विचाराने १९७५ साली व्यवसाय कर बसला. १९७७ साली हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली देशाने रोजगार हमीचा जो कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. बाणेरमध्ये डॉलर मिळवणारा आणि माणदेशात बांध घालणारा यांच्यामध्ये राज्याने विणलेला हा एक धागा आहे. तो तुटू देणे म्हणजे केवळ अडीच हजार रुपये वाचवणे नव्हे.

अर्थात या करातही अन्याय आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातील वर्षाला २५० रुपयांची मर्यादा १९८८ साली २,५०० झाली आणि तेथेच गोठली. परिणामी महिन्याला दहा हजारांहून थोडे अधिक मिळवणारा पुरुष कामगार आणि महिन्याला दोन लाख मिळवणारा अभियंता हे दोघेही सारखाच कर भरतात. ज्याला अधिक मिळते त्याने अधिक द्यावे, हे समाजवादाचे साधे सूत्र येथे लागू करायचे, तर घटनादुरुस्तीची मागणी करावी लागेल, आणि ती केली पाहिजे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, कर वाढवल्यास ही बुद्धिमान मंडळी देश सोडून जातील. ही धमकी पोकळ आहे. मालक परदेशात आणि कामगार येथे, ही रचनाच मुळी परदेशी कंपनीला स्वस्त पडते म्हणून उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क बसवले. तिकडची दारे उघडण्याऐवजी बंदच होत आहेत. शिवाय हा अभियंता पाणी खडकवासल्याचे पितो, शिकला तो बहुधा जनतेच्या पैशावर चाललेल्या वा पोसलेल्या शाळा-महाविद्यालयांत, आणि त्याचे वृद्ध आईवडील उपचार घेतात ते येथील रुग्णालयांत. मोबाइलच्या प्रत्येक रिचार्जवर १८ टक्के कर भरणारी घरकामाची बाई या सगळ्याचा खर्च उचलते. मग २४ लाखवाल्याने का उचलू नये? सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर, सवलती सोडण्याच्या अटीवर, २२ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यानंतर व्यक्तींकडून जमणारा आयकर कंपन्यांच्या कराला मागे टाकून गेला. वरच्या थरांतून एकेक वर्ग असा निसटत गेला, तर अखेर ज्याला पळता येत नाही तोच करदाता उरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या कंपनीचे भारतात काहीच नाही, तिच्यावर येथील कायदा चालणार कसा? अडचण खरी आहे, परंतु ती अभेद्य नाही. भारतात कार्यालय नसलेल्या परदेशी कंपन्यांना जाहिरातींपोटी जाणाऱ्या रकमेवर २०१६ साली याच भारत सरकारने सहा टक्के समकरण शुल्क बसवले होते आणि पैसे देणाऱ्या भारतीय ग्राहकाकडून ते वसूलही केले होते. २०२० साली त्यात परदेशी ई-व्यापारावरील दोन टक्क्यांची भर पडली. अमेरिकेने या शुल्काला भेदभावाचे ठरवले. पुढे दोन टक्क्यांचे शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून आणि सहा टक्क्यांचे १ एप्रिल २०२५ पासून गुंडाळण्यात आले. तेव्हा साधन होते. टिकवण्याची इच्छाशक्ती नव्हती. येथे पैसा देणारा परदेशी आहे, हा फरक मान्य करूनही वसुलीचे ठिकाण सापडते. मध्यस्थ संस्था भारतात नोंदलेली असते, आणि परदेशातून आलेले चलन ज्या बँकेत रुपयांत बदलते ती बँकही येथील कायद्याखाली असते.

मागण्या आणि काम

यातून चळवळीपुढे एक निश्चित कार्यक्रम उभा राहतो. एकाच मालकासाठी, त्याने ठरवलेल्या वेळेत आणि त्याच्या हुकमाखाली काम करणाराला, करारातील शब्द काहीही असोत, कायद्याने कामगार मानावे आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकावा, ही पहिली मागणी. निम्म्या जमेवरच कर ही सवलत अशा एकमालकी कामाला लागू करू नये. त्याऐवजी पगारदाराइतकी प्रमाणित वजावट आणि प्रत्यक्ष खर्चाची वजावट द्यावी, ही दुसरी. यामुळे दोन शेजारणींतील तीन लाखांची दरी बुजेल आणि ‘नोकर म्हणू नका, तुमचाच फायदा आहे’ हे मालकाचे आमिषही संपेल.

तिसरी मागणी या दोहोंना अर्थ देणारी आहे. अशा कामगारांसाठी माथाडी मंडळांच्या धर्तीवर मंडळ स्थापावे. हमालाला एक मालक नसतो, म्हणून त्याला निधी आणि ग्रॅच्युइटी देता येत नाही, असे व्यापारी सांगत असत. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांनी बांधलेल्या चळवळींनी ते खोटे पाडले. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीवर लेव्ही बसवली, ती मंडळाकडे जमा केली आणि तीतून निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार यांची सोय लावली. मध्यस्थ संस्थेकडून आणि परकीय चलन वटवणाऱ्या बँकेतून अशीच लेव्ही गोळा करता येईल. व्यवसाय करही तेथेच वसूल होईल. कंपनी लेव्हीचा भार कामगाराच्या मोबदल्यावर ढकलू पाहील, हे खरे. व्यापाऱ्यांनीही तेच करून पाहिले होते. त्यावर हमालांना सापडलेला उपाय संघटना हाच होता आणि येथेही तोच आहे.

ही संघटना मोर्चाच्या घोषणेने सुरू होणार नाही. रात्री जागून दिवसा झोपणाऱ्या, एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या कामगारांना एकत्र आणणारी पहिली गरज कराचीच आहे. आगाऊ कर किती आणि केव्हा भरायचा, नोंदणी केव्हा करायची, करारातील कोणते कलम घातक आहे, हे समजावून सांगणारे साहाय्य केंद्र पक्षाच्या शहर शाखांना शनिवार-रविवारी सहज चालवता येईल. कार्यकर्त्यांत निवृत्त बँक-कर्मचारी आहेत, वकील आहेत, हिशेबनीस आहेत. जूनच्या हप्त्याच्या आधी पुणे, नाशिक आणि ठाणे येथे अशी तीन केंद्रे उघडली, तरी येणाऱ्यांची यादी हीच उद्याच्या संघटनेची पहिली सभासद-यादी ठरेल.

या तरुणांना कर भरण्यास सांगण्याचा नैतिक अधिकार त्यांच्या हक्कांसाठी उभे राहणाऱ्यालाच पोहोचतो, आणि समाजाने आपले म्हातारपण सांभाळावे असे म्हणण्याचा अधिकार समाजाचे देणे देणाऱ्याला पोहोचतो. हे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडले गेले, म्हणजे तिसरे नाव आपोआप त्या वहीत येईल. ते त्या मालकाचे असेल आणि आजवर न भरलेली येणेबाकी त्याच्यापुढे लिहिलेली असेल.